शब्दांची सोयरीक

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांविषयी सुशिक्षित पालकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. मुलाला शब्द पुष्कळ येतात, व्याकरणाचे नियमही तो धडाधड सांगतो. परंतु चार वाक्ये स्वतंत्रपणे लिहावयास बसला, की त्या वाक्यांना इंग्रजीचे वळण म्हणून येत नाही. यावर उपाय म्हणून आणखी एक शब्दकोश विकत घेतला जातो आणि आणखी दोनशे शब्द पाठ होतात. दुखणे मात्र जेथल्या तेथे राहते. आमच्या मते हे दुखणे शब्दांच्या दारिद्र्याचे नाही. कोणत्या शब्दाची कोणत्या शब्दाशी सोयरीक जुळते, हे न कळल्याचे ते दुखणे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. मराठीत आपण अभ्यास करतो, चूक करतो आणि कोणी गुन्हाही करतो. तिन्ही ठिकाणी एकच ‘करणे’ आपली सेवा बजावते. इंग्रजीत मात्र ‘होमवर्क’ला ‘डू’ लागते, ‘मिस्टेक’ला ‘मेक’ आणि ‘क्राइम’ला ‘कमिट’. या तीन क्रियापदांची अदलाबदल केली, तर व्याकरणाचा एकही नियम मोडत नाही. तथापि वाक्य ऐकताच इंग्रजाचा कान टवकारतो. पावसाला तो ‘हेवी’ म्हणतो, वाऱ्याला आणि चहाला ‘स्ट्राँग’ म्हणतो. गाढ झोपलेल्या माणसाला ‘फास्ट अस्लीप’ म्हणतो, आणि ‘फास्ट’ म्हणजे जलद एवढेच शिकलेला आमचा विद्यार्थी तेथे गोंधळून जातो. ‘फास्ट’ला ‘घट्ट, पक्का’ असा दुसरा जुना अर्थ आहे, आणि तो अशा ठराविक जोड्यांतच मुख्यतः जिवंत राहिला आहे.

यात इंग्रजीचा काही विशेष लहरीपणा आहे, असे मानण्याचे कारण नाही. आमचा पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, ऊन रणरणते आणि काळोख मिट्ट. सोसाट्याचा पाऊस किंवा मिट्ट थंडी असे आमच्या घरातले चार वर्षांचे मूलही म्हणणार नाही. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. शब्द त्याच्या कानावर एकेकटे आलेच नाहीत. ते आपापल्या सोबत्यासह आले.

हा विचार इंग्रजी शिकवणाऱ्यांना पुरता उमगला, तो इंग्लंडात नव्हे, तर परमुलखात. हॅरल्ड पामर नावाचे शिक्षक जपानात इंग्रजी शिकवण्याच्या कार्यात होते. त्यांनी १९३३ साली तोकियोहून अशा ठराविक शब्दजोड्यांविषयी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. जी जोडी सुटी करून जुळवता येत नाही, ती अखंडच शिकावी, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. त्यांचे सहकारी हॉर्नबी यांनी पुढे १९४२ साली जपानातच परभाषिक विद्यार्थ्यांसाठी कोश सिद्ध केला आणि १९४८ साली तो ऑक्सफर्डच्या शिक्क्याने जगभर गेला. लंडनचे भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९५०च्या दशकात या गोष्टीला सिद्धान्ताचे रूप दिले. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून ओळखावा, असे त्यांनी प्रतिपादिले. ढवळ्याशेजारी पवळा बांधल्यावर वाण नाही पण गुण लागतो, हे जाणणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला या सिद्धान्ताचे फारसे नवल वाटले नसते.

आता हा प्रश्न सीमाभागात कसा दिसतो, ते पाहण्यासारखे आहे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले, की हिंडलगा आणि सुळगा मागे टाकून उचगाव येते. मळेकरणी देवीचे हे गाव बोलण्यात मराठी, सरकारदरबारी कन्नड, आणि घाट उतरून गेलेल्या सोयऱ्याधायऱ्यांमुळे कोकणीच्याही कानावरचे. उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा खेड्यांतून मराठी साहित्य संमेलने भरतात, ही या मुलखाची भाषेविषयीची आस्था होय. अशा गावातील मुलगा परीक्षेस निघाला असे समजा. मराठीत तो परीक्षा ‘देतो’ आणि मास्तर ती ‘घेतात’. कोकणीतही ‘परिक्षा दिवप’ असेच आहे. कन्नडमध्ये तो ‘परीक्षे बरेयु’, म्हणजे परीक्षा ‘लिहितो’. इंग्रजीत मात्र सारे उलटे होते: विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि ती ‘गिव्ह’ करणारा मास्तर असतो. म्हणजे एकच कृत्य एका भाषेत देणे, दुसरीत लिहिणे आणि तिसरीत घेणे ठरते. या मुलाने इंग्रजीत ‘मी परीक्षा गिव्ह केली’ असे लिहिले, तर त्याला मठ्ठ म्हणून तांबडी रेघ मारणे अन्यायाचे होईल. त्याने आपल्या भाषेची सोयरीक प्रामाणिकपणे परक्या घरात नेली, एवढेच.

काही बाबतींत मात्र शेजारच्या भाषा एकमताने इंग्रजीहून निराळ्या निघतात. मराठी माणूस लाच खातो आणि मारही खातो. कोकणीत ‘लांच खावप’ आणि ‘मार खावप’ आहे. कन्नडमध्येही लंच आणि एटु, म्हणजे लाच आणि ठोसा, दोन्ही ‘तिन्नु’ या खाण्याच्याच क्रियापदाला बांधलेले आहेत. इंग्रज लाच केवळ ‘टेक’ करतो. आमच्या तिन्ही भाषांनी या व्यवहारात पोटाचा संबंध आधीच ओळखला होता! उलट, ‘करून टाक’ असे जेथे मराठी म्हणते, तेथे कन्नड ‘माडि बिडु’, म्हणजे ‘करून सोड’ म्हणते. शेजार कितीही जुना असला, तरी प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी राहतेच.

अशा स्थितीत आमच्याकडे इंग्रजी शिकवण्याची साधने कोणती? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या आणि कोकणच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले. तिची थोरवी ही, की तिने विद्यार्थ्याला सुट्या शब्दांच्या यादीवर न ठेवता वाक्यावर आणले. मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत करता करता माणसाला दोन्ही भाषांतील अंतराची जाणीव होई. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. धड्याची मांडणी व्याकरणाच्या नियमावर असल्यामुळे वाक्याचे काम तो नियम पटवण्याचे असे. शब्दांची जोडी तेथे आली तरी पाहुणी म्हणून येई. तरीही आम्ही तर्खडकरांच्या बाजूने मत देऊ. आज दुकानांतून मिळणाऱ्या ‘तीस दिवसांत इंग्रजी’ छापाच्या पुस्तकांत शब्दजोड्यांना स्वतंत्र प्रकरण असते खरे, परंतु तेथे डाव्या बाजूस इंग्रजी जोडी आणि उजव्या बाजूस मराठी अर्थ, एवढ्यावर काम संपते. ‘पे अटेन्शन – लक्ष देणे’ हे पाठ करून मुलगा पुढे जातो. ते कोणाकडे, कोणत्या अव्ययाने आणि कोणत्या प्रसंगी द्यावयाचे, हे वाक्याविना कळत नाही. वधूवरांची नावे एका वहीत लिहिल्याने लग्न लागत नाही. जोडी वाक्यात नांदताना दिसली पाहिजे, आणि तीही एकदा नव्हे, चारपाच वेगवेगळ्या वाक्यांत.

येथवर आम्ही इंग्रजीत होणाऱ्या घोटाळ्यांविषयी लिहिले. त्याहून गंभीर गोष्ट उलट्या दिशेने घडते. इंग्रजी जोड्या शब्दशः मराठीत उतरतात आणि आपणांस त्याचा पत्ताही लागत नाही, कारण शब्द सगळे मराठीच असतात. ही तक्रार जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर लिहिला. पुढे माधव जूलियनांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध केला. परंतु भाषाशुद्धीच्या चळवळीची दृष्टी बहुतांशी परक्या शब्दावर होती. परका शब्द चेहऱ्यावरून ओळखू येतो. परकी जोडी देशी वस्त्रे नेसून येते, म्हणून तिला दारावर कोणी अडवीत नाही.

अशी प्रत्येक जोडी हाकलून द्यावी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. ‘एखाद्या विषयावर प्रकाश टाकणे’ ही इंग्रजीतून आलेली जोडी आज मराठीच झाली आहे. ‘हिरवा कंदील दाखवणे’ रेल्वेबरोबर आले आणि रेल्वे आपल्या जीवनात असल्यामुळे ते शोभले. आमची कसोटी एकच आहे. आलेल्या जोडीने घरात नसलेले काही काम केले काय? केले असेल तर तिला पाट द्यावा. घरातल्या चांगल्या जोडीला बाहेर काढून तिची जागा घेतली असेल, तर मात्र विचार केला पाहिजे. ‘तुझी आठवण येते’ यात आठवण आपण होऊन येते, माणसाचा इलाज चालत नाही. ‘मी तुला मिस करतो’ यात तीच गोष्ट माणसाचे कर्तृत्व होऊन बसते. ‘आंघोळ केली’ असे म्हणण्याऐवजी ‘आंघोळ घेतली’ म्हटल्याने कोणता नवा अर्थ पदरात पडला? निरोप देताना ‘जपून जा’ किंवा ‘सांभाळून राहा’ असे म्हणण्याऐवजी ‘काळजी घे’ म्हणण्यात कोणती अधिक माया आहे? काही देवळांच्या उत्सवपत्रिकांत आता ‘महाप्रसादाचा आनंद घ्या’ असे छापतात. प्रसादाचा आजवर ‘लाभ’ घेतला जात असे. लाभ हा देणाऱ्याच्या कृपेने होतो. आनंद घेणे ही उपाहारगृहातील गिऱ्हाइकाची गोष्ट आहे. एका शब्दाच्या बदलाने भक्त गिऱ्हाईक झाला, हे पत्रिका छापणाऱ्याच्या ध्यानातही आले नसावे.

देवळाच्या परिसरातील मराठी या दृष्टीने फार श्रीमंत आहे. पूजा आपण करतो, हे तर झालेच. शिवाय सत्यनारायणाची पूजा घालतो, चौरंगावर पूजा मांडतो, आणि अलंकारांनी सजवून देवीची पूजा बांधतो. घालणे, मांडणे आणि बांधणे या तीन क्रिया तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. इंग्रजीत या सर्वांना मिळून एक ‘परफॉर्म’ पुरते, आणि त्याचे भाषांतर म्हणून हल्लीच्या वृत्तान्तांत सगळ्याच पूजा ‘संपन्न’ होतात. देवापुढे गाऱ्हाणे ‘घालतात’. कोकणीतही ‘गाराणें घालप’ आहे. कचेरीत तक्रार ‘दाखल’ करतात. या दोन क्रियापदांतच देऊळ आणि कचेरी यांतले अंतर दिसते: एकीकडे लेकराने आईच्या पायाशी आपले दुःख घातलेले असते, दुसरीकडे कागद आत शिरलेला असतो.

सर्वांत बोलका शब्द ‘फेडणे’ हा आहे. मराठी माणूस कर्ज फेडतो, ऋण फेडतो, आईबापांचे पांग फेडतो आणि नवसही फेडतो. फेडणे म्हणजे मुळात गाठ सोडणे. नवस बोलताना माणसाने स्वतःला बांधून घेतलेले असते, म्हणून तो फेडेपर्यंत मोकळा होत नाही. इंग्रजीत कर्ज ‘पे’ केले जाते आणि नवस ‘फुलफिल’. दोहोंचा एकमेकांशी संबंध उरत नाही. ‘त्यांनी आपला नवस पूर्ण केला’ असे वाक्य आता वर्तमानपत्रांत सर्रास दिसते. त्यात व्याकरणाची चूक एकही नाही. परंतु नवस हे देवाचे देणे आहे, ही जी समजूत आमच्या आज्यांनी एका क्रियापदात सांभाळून ठेवली होती, ती त्या वाक्यातून निसटली. ज्याला आम्ही सोयरीक म्हणतो तिचे मोल हे आहे. शब्द एकेकटे पाहिले तर अर्थ कोशात सापडतो. समाजाची श्रद्धा आणि व्यवहार पाहावयाचे असतील, तर शब्द कोणाबरोबर नांदतात ते पाहावे लागते.

शब्दजोड्यांचा दुसरा एक प्रकार आहे, त्याच्याशी आम्हां वकिलांचा रोजचा संबंध येतो. एकाच अर्थाचे किंवा जवळच्या अर्थाचे दोन शब्द शेजारी ठेवण्याची ही रीत होय. इंग्रजी दस्तऐवज ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’, ‘नल अँड व्हॉइड’ अशा जोड्यांनी भरलेले असतात. याचे कारण इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि न्यायालयांत फ्रेंच व लॅटिन आल्या. रयत इंग्रजी बोलत राहिली. ‘विल’ हा देशी शब्द, ‘टेस्टामेंट’ हा लॅटिनमधून आलेला. ‘गुड्स’ देशी, ‘चॅटल्स’ फ्रेंच. दोन्ही शब्द ठेवले म्हणजे दोन्ही पक्षांना कळे आणि पुढे वादाला जागा राहत नसे. सगळ्याच जोड्या अशा झाल्या असे नाही, पण रीत पडली ती पडलीच.

आमच्याकडे हेच फारसीच्या अमदानीत झाले. कागदपत्र या शब्दात कागद फारसीतून आलेला आणि पत्र संस्कृत. बाजारहाट, धनदौलत, लाजशरम, रीतिरिवाज हे सारे असेच मिश्रविवाह. ‘मालमत्ता’ आणि ‘रद्दबातल’ यांत तर दोन्ही पक्ष अरबी घराण्यातले आहेत. आणि गंमत अशी, की ‘नल अँड व्हॉइड’ला ‘रद्दबातल’ हा जोडीला जोडी असा तंतोतंत प्रतिशब्द आमच्या दफ्तरांत आधीपासून तयार होता. जेथे भाषेकडे असे सोने असते, तेथे ‘शून्य व निरर्थक’ असली नवी नाणी पाडण्याचे कारण नाही.

परंतु कायद्यात जोडीतला प्रत्येक शब्द, आणि त्यांना जोडणारे अव्ययसुद्धा, किती महाग पडू शकते, याचे उदाहरण इंग्लंडातच आहे. कॅलेब डिप्लॉक नावाचे एक धनिक गृहस्थ १९३६ साली वारले. आपली सुमारे अडीच लाख पौंडांची शिल्लक मिळकत ‘चॅरिटेबल ऑर बेनेव्होलंट’, म्हणजे धर्मादाय किंवा परोपकारी, कार्यांसाठी खर्च करावी, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. व्यवस्थापकांनी शंभराहून अधिक संस्थांना रकमा वाटूनही टाकल्या. मग वारसांनी हरकत घेतली. धर्मादाय कार्य म्हणजे काय, हे इंग्लिश कायद्याला ठाऊक आहे. परोपकारी कार्याची मर्यादा त्याला ठाऊक नाही. मधे ‘अँड’ असते तर दान टिकण्यास जागा होती. ‘ऑर’ असल्यामुळे सारे पैसे अनिश्चित कार्यावर जाऊ शकत होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४४ साली ते दान रद्दबातल ठरवले, आणि १९५१ साली संस्थांवर पैसे परत करण्याची पाळी आली. एका ‘किंवा’ने एवढा अनर्थ केला!

आमच्या मुलखाला याहून जवळची हकीकत म्हणजे प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली दिलेला रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईकडील खटल्याचा निर्णय. मृत्युपत्रात मिळकत ‘धरम’ यासाठी ठेवली होती. न्यायमूर्तींनी कोशाचा आधार घेतला. कोशात धर्म म्हणजे कायदा, सद्गुण, कर्तव्य असे अनेक अर्थ निघाले. तेव्हा हा शब्द फार मोघम आहे, असे ठरून दान रद्द झाले. आम्हांस वाटते, येथे कोशाने शब्द दाखवला पण त्याची संगत दाखवली नाही. ‘दानधर्म’, ‘देवधर्म’, ‘धर्मादाय’, ‘धर्मशाळा’, ‘धर्मार्थ’ या जोड्यांत वावरणारा ‘धर्म’ कोणाला मोघम वाटेल? मरतेसमयी धर्मार्थ पैसा ठेवणाऱ्या माणसाच्या मनात सद्गुणाची व्याख्या नसते. अन्नछत्र, पाणपोई, देऊळ, विद्यार्थी आणि आंधळापांगळा असतो. ही उणीव पुढे विधिमंडळाने भरून काढली. १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम १० खाली स्पष्ट केले, की धर्म, धर्मादा, पुण्यकार्य, पुण्यदान अशा हेतूंसाठी केलेली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था केवळ हेतू अनिश्चित आहे या कारणाने शून्य समजली जाणार नाही. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे उचगावच्या परिसरातील देवस्थानांनाही या दुरुस्त दृष्टीचा लाभ झाला होता.

आता या साऱ्यातून देवस्थानांच्या पंचांनी आणि कुटुंबांतील कर्त्या माणसांनी घ्यावयाचा बोध सांगून हे विवेचन आवरतो. इंग्रजीला जोडीच्या मधे ‘अँड’ किंवा ‘ऑर’ उघड मांडावे लागते. मराठी आणि कोकणी ते पोटात ठेवतात. आमच्या वैयाकरणांनी द्वंद्व समासाचे तीन भेद सांगितले आहेत. ‘आईबाप’, कोकणीतील ‘आवय-बापूय’, हा इतरेतर द्वंद्व. त्यात ‘आणि’ दडलेला आहे. ‘खरेखोटे’, ‘पापपुण्य’ हा वैकल्पिक द्वंद्व. त्यात ‘किंवा’ दडलेला आहे. ‘चहापाणी’, ‘मीठभाकर’ किंवा कोकणीतील ‘शीत-कडी’ हा समाहार द्वंद्व. त्यात ‘वगैरे’ दडलेले आहे. ‘चहापाण्याला या’ म्हटल्यावर पुढे शिरा आला तरी कोणी हरकत घेत नाही. घरात हे सौजन्य असते. दस्तऐवजात तेच संकट होते. ‘धार्मिक-शैक्षणिक कार्यासाठी’ असे मधे नुसती आडवी रेघ देऊन लिहिलेले विश्वस्तपत्र उद्या न्यायालयात गेले, तर ती रेघ ‘आणि’ आहे, ‘किंवा’ आहे की ‘वगैरे’ आहे, यावर दोन्ही बाजूंचे वकील खुशाल पोट भरतील आणि देवाचा नंदादीप त्या खर्चात विझेल.

म्हणून बोलताना आपल्या जोड्या जशा आजीने दिल्या तशा वापराव्यात: नवस फेडावा, गाऱ्हाणे घालावे, प्रसादाचा लाभ घ्यावा. इंग्रजी शिकताना त्यांच्या जोड्या अखंड, वाक्यासकट शिकाव्यात आणि त्या त्यांच्याच घरी नांदू द्याव्यात. ठराव, विश्वस्तपत्र किंवा मृत्युपत्र लिहिताना मात्र जोडीच्या मधले अव्यय मोकळेपणाने कागदावर उतरवावे. ‘व’ लिहावयास एक अक्षर लागते आणि ‘किंवा’ लिहावयास दोन; ती वाचवण्यात कोणाचेही हित नाही.